ज्वालादेवीवरचा चहा

तानाबाईच्या रानात त्या शुक्रवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. खोडवा ऊस तुटून रिकामं झालेलं काळं रान, वैशाखाच्या उन्हानं हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. मधोमध लाल कापडाचा मांडव, आणि मांडवाखाली जमिनीत रोवलेला पुरुषभर उंचीचा त्रिशूळ. त्रिशूळाच्या तिन्ही टोकांवर तीन ज्योती जळत होत्या. वात नाही, तेल नाही, कापूर नाही. बुडाशी निळ्या, वर जाता जाता नाहीशा होणाऱ्या ज्योती.

बांधावर नारळवाले बसले होते, रसवंतीचं चाक घुंगरू वाजवत फिरत होतं. कोल्हापुरातून रिक्षा भरभरून माणसं येत होती. राजारामपुरीत साध्या खोकल्यासाठी दोन-दोन दवाखाने पालथे घालणारी शिकलेली मंडळी इथं वाकून भेगांतली माती पुडीत बांधून घेत होती. ही माती पाण्यात कालवून प्याली की पोटाचे विकार पळतात, असं महाराजांनी सांगितलं होतं. त्या मातीच्या पलीकडे, बांधाला लागूनच, आमच्या तालुक्याच्या नगरपालिकेचा कचरा डेपो होता. सगळ्या शहराचं खरकटं, मेलेली कुत्री आणि दवाखान्यातल्या पट्ट्या तिथं कुजत होत्या. पण देवीच्या मातीला कुणी नाक लावून बघायचं नसतं, कपाळ लावायचं असतं.

"बिनवातीची, बिनतेलाची, आई आली भूतळाची!" महाराज ओरडले, आणि गर्दीनं तीच ओळ उचलून धरली.

हे ज्वालानाथ महाराज. दाढी काळीभोर, पोट गोल, आवाज यात्रेतल्या पाळणेवाल्यासारखा. त्यांच्या दोन्ही बाजूंना विभूतीची दोन ताटं असत. कुणी प्रश्न विचारला की महाराज डोळे मिटत, चिमूट उचलत आणि ज्योतीवर फेकत. निळी ज्योत भपकन पिवळी झाली तर 'आई हसली', म्हणजे होकार. निळीच राहिली तर 'आई गप्प', म्हणजे नकार.

"आई, कृष्णाताच्या थोरल्या पोरीचं औंदा जमंल का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

चिमूट पडली. ज्योत पिवळीधमक झाली.

"हसली! आई हसली! जमलं म्हणून समज रं कृष्णाता, मांडवाची तयारी कर!"

कृष्णाताच्या पोरीला दोन स्थळं आधीच सांगून आली होती, हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. तरी कृष्णात रडला.

मग पांढऱ्या सफारीतला संग्राम पुढं आला. हा कुणाचा पावणा, कुठल्या गावचा, कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पण महिन्याभरात तो सगळ्यांचा 'संग्रामदादा' झाला होता. महाराजांना गावात आणलं ते यानंच. त्यानं हात जोडून विचारलं, "आई, डेपोच्या विरोधात गावानं अर्ज करावा का?"

महाराजांचा हात या वेळी दुसऱ्या ताटाकडे गेला. चिमूट पडली. ज्योत निळीच.

"गप्प! आई गप्प झाली!" महाराजांनी मान हलवली. "आई म्हणती, मी हितं आग होऊन हुबी हाय आनि तुमी कागदाच्या कपट्याला शरण जाता? सरकारचा बाप जरी आला तरी ह्या जागंला हात लावंल काय? पर अर्ज केलासा, की माझ्यावरचा इश्वास गेला. मग मी बी जाते!"

"नगं आई, नगं! न्हाय करत अर्ज!" अख्खी गर्दी कळवळली.

सगळ्यात मोठ्यानं कळवळली ती तानाबाई.

प्रकरण काय होतं ते आता सांगतो. डेपो भरला होता. तो वाढवायचा, तर शेजारची काळी शिवारपट्टी घ्यावी लागणार होती. ती जमीन विकास आराखड्यात शेती विभागात होती. शेती विभागात कचरा टाकता येत नाही. म्हणून तिचा विभाग बदलायचा प्रस्ताव निघाला होता, आणि कायद्याप्रमाणे लोकांकडून हरकती मागवल्या होत्या. सोमवारी संध्याकाळी मुदत संपत होती. हरकत आली तर सुनावणी होते, माती तपासली जाते, जागा बघायला माणसं येतात. हरकतच आली नाही तर 'लोकांचा विरोध नाही' एवढं एक वाक्य लिहिलं की काम झालं.

डेपोला पहिली लागून होती ती तानाबाईची दोन एकरं. या जमिनीतली विहीर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं पहारीनं फोडून काढली होती. नवरा गेला, मुलगा पुण्याला कारखान्यात लागला, तरी तिनं रान सोडलं नाही. ऊस, शाळू, एक म्हैस, नात अक्षता आणि घरामागं गोबर गॅस, एवढा तिचा संसार. गेल्या दोन वर्षांत विहिरीचं पाणी पिवळट झालं होतं. म्हैस त्याला तोंड लावत नव्हती.

देवी अवतरली कशी तेही ऐका. ऊस तुटल्यावर रानात पाचट उरतं. आमच्याकडे ते पेटवून देतात. वाईट सवय आहे, जमिनीचं नुकसान होतं, पण देतात. तानाबाईनंही पेटवलं. पाचट जळून गेलं, राख निवली, पण एका भेगेत निळा जाळ तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी होता, तिसऱ्या दिवशीही होता. बायका कुंकू घेऊन आल्या. आठवडा सरायच्या आत संग्राम आला, त्याच्या पाठोपाठ महाराज आले. त्यांनी गावाला दूर उभं करून, कापडाचा आडोसा धरून, त्या भेगेत त्रिशूळ रोवला. आडोसा काढला तेव्हा तिन्ही टोकं पेटलेली होती.

मी तानाबाईला दोनदा जाऊन भेटलो. शाळेतून निवृत्त झालो तरी गावात माझं नाव 'गुरुजी'च राहिलं आहे.

"तानाबाई, सोमवारी मुदत संपतेय. बाळासो कांबळेनं त्याची हरकत दिली. तुमची गेली नाही तर त्या एकट्याच्या अर्जाला कोण विचारतंय? जमीन जाईल."

"गुरुजी, तुमचं समदं खरं. पर बगा, आई कुनाच्या रानात आली? पाटलाच्या आली न्हाय, सरपंचाच्या आली न्हाय. माज्या आली. जल्मात पयल्यांदा गाव माज्या बांधावर आलंया. आन् मी तिला म्हनू, बाई तुज्यावर भरवसा न्हाय, मी कचेरीत जाऊन येते?"

"आणि विहिरीचं पाणी?"

"ते बी आईच सुदारंल. महाराज म्हनलेत."

"म्हैस काय म्हणते?"

ती रागावली. "म्हसरू हाय ते! त्याला काय कळतंय?"

मला वाटलं, म्हशीलाच कळलं होतं.

सुट्टीत माझ्या ओसरीवर पोरं जमतात. शनिवारी सकाळी आली ती गप्प गप्प होती. बाळासोची संघप्रिया तर तोंड फुगवून बसली होती. सहावीतून सातवीत गेलेली, प्रश्न विचारायला कधी न लाजणारी मुलगी. कांबळ्यांचं घर सत्तावन्न सालापासून बौद्ध. बाळासोचं रान तानाबाईच्या रानाला लागून, डेपोच्या त्याच कुंपणाला भिडलेलं.

"काय झालं गं?"

"मी काल मांडवात गेलते गुरुजी. महाराजांनी हाकललं. म्हणले, कांबळ्यांच्या रानाकडं आईनं पाठ फिरवलीया, तुमी बांधाच्या पल्याडच थांबायचं." मग म्हणाली, "पण मला एक सांगा, देवीला वास येतोय काय?"

"कसला वास?"

"शेगडीची चावी नीट बंद न्हाय केली की येतोय, तसला."

अक्षता, तानाबाईची नात, लगेच उसळली. "ए, त्यो धुपाचा वास हाय! आज्जी म्हनती."

"धुपाचा? सडक्या अंड्याचा हाय! तुमच्याच घरात गोबर गॅस हाय की, तुला म्हायत न्हाय व्हय?"

अक्षतानं वास आठवून बघितला. मग हळूच म्हणाली, "हाय खरा तसलाच."

उत्तर मला देता आलं असतं. पण दिलेलं उत्तर प्रसादासारखं असतं, तोंडात टाकलं की संपलं. शोधलेलं उत्तर जन्मभर पुरतं. मी विचारलं, "वास सारखा, म्हणून वस्तू सारखीच, असं म्हणायचं का?"

"न्हाय," संघप्रिया म्हणाली, "बघाय पायजे."

"मग आधी माती बघू."

ग्रामसभेत एका साहेबांनी सांगितलं होतं की काळी माती चिकण असते, तिच्यातून पाणी झिरपत नाही, म्हणून डेपोला ही जमीन उत्तम. मी पोरांकडून तळाला भोकं पाडलेले दोन डबे भरून घेतले होते. दोन्हींत तानाबाईच्या रानातलीच माती. एक डबा ओला ठेवला होता, दुसरा आठवडाभर पत्र्यावर उन्हात. अक्षतानं दोन्हींत कुंकवाचं पाणी ओतलं. ओल्या डब्यात पाणी वर थबकून राहिलं. वाळलेल्या डब्यात मातीला भेगा होत्या. वर ओतलेलं लाल पाणी खालच्या ताटलीत घळघळ आलं.

"आँ? माती तर तीच की!"

"माती तीच, ऋतू दुसरा. साहेबांनी ती पावसाळ्यात बघितली असावी. काळी माती ओली झाली की फुगते आणि तोंड मिटते. वाळली की आकसते आणि तोंड उघडते. तिच्या खाली काय असतं?"

"मुरूम!" विहिरी बघितलेली पोरं एका सुरात ओरडली.

"मुरमातून पाणी जातं का?"

"पळतंय!"

"मग डेपोतल्या कचऱ्याचं काळं पाणी कुठं गेलं असेल?"

अक्षताच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आज्जीच्या हिरीत," ती म्हणाली.

"आणि शेण कुजलं की काय होतं?"

"गॅस!"

"मग कचरा कुजला की?"

सगळी पोरं एकमेकांकडे बघत होती. मग संघप्रिया उठून उभी राहिली. "गुरुजी, तसं असंल तर वायू काय महाराजांचं ऐकणार न्हाय. बांध बघून थांबणार न्हाय. तो आमच्या रानात बी आला असणार!"

याला म्हणतात विचार करणं. देवीनं कांबळ्यांकडे पाठ फिरवली आहे, असं महाराज सांगत होते. वायूला ना जात कळते ना बांध. दोघांपैकी कोण खरं, ते एका काडीनं ठरणार होतं.

दुपारी बाळासोच्या रानात गेलो. पोरं कुंपणाच्या कडेनं भेगा हुंगत चालली. अक्षतानं एका ठिकाणी नाक मुरडलं. मी सगळ्यांना लांब उभं केलं, बांबूच्या टोकाला पेटती चिंधी बांधली आणि पुढं केली. भप् असा आवाज झाला आणि भेगेतून निळा जाळ वर आला.

बाळासो दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत राहिला. "आयला! म्हंजी आता मी बी पुजारी झालो म्हना की गुरुजी! नारळ कितीला लावू?"

पोरं हसली. मीही हसलो. पण जाळ ओल्या पोत्यानं विझवताना बाळासोचं हसू गेलं. "गुरुजी, हे आमच्या पायाखालनं चाललंय व्हय? घराखालनं बी जाईल की."

"जाईल. पावसात भेगा मिटल्या की हा वायू दुसरी वाट शोधणार. विहिरीची, नाहीतर घराची."

रविवारी सकाळी मांडव पुन्हा भरला. महाराजांची वाणी जोरात होती. "बिनवातीची, बिनतेलाची..." चाललं होतं. बांधाच्या अलीकडे, कांबळ्यांच्या रानात, आम्ही आमचा मांडव घातला. आमच्या मांडवात लाल कापड नव्हतं. एक बूड शाबूत असलेला पत्र्याचा मोठा डबा भेगेवर पालथा घातला, कडा चिखलानं लिंपल्या, बुडाला बसवलेल्या तोटीला रबरी नळी जोडली आणि नळीचं दुसरं टोक लांबवर ठेवलेल्या शेगडीला. शेगडी तानाबाईच्याच घरची, अक्षतानं उचलून आणलेली. डब्यातली हवा आधी निघून जाऊ दिली. अशा वेळी घाई केली तर डबा आकाशात जातो. तोवर संघप्रियानं चहाचं आधण ठेवलं. मग मी काडी लावली.

शेगडी पेटली. निळी, गोल, सुरेख.

पहिल्यांदा बघितलं रसवंतीवाल्यानं. त्यानं चाक थांबवलं. घुंगरू बंद पडले तशी माना वळल्या.

"आवो, तिकडं कांबळ्यांच्या रानात बी जाळ हाय!"

"आई तिकडं गेली काय?"

"आन् तिच्यावर पातेलं ठेवलंय की रं!"

अर्धी गर्दी बांधावर आली. महाराज ताडकन उठले. "पाप! घोर पाप! ही आई न्हवं, ही मायावी आग हाय. हात लावाल तर भस्म व्हाल!"

"मी मघापासनं हात लावतोय," बाळासो म्हणाला, "भस्म कवा व्हायचं?"

कुणीतरी फिसकन हसलं. हसू ही फार मोठी गोष्ट आहे. भीतीच्या भिंतीला पहिली भेग हसण्यानंच पडते.

"ही मायावी असंल तर उत्तर दिणार न्हाय," संघप्रिया मोठ्यानं म्हणाली. "इच्चारून बघूया की! आई, डेपोच्या विरोधात अर्ज करावा काय?"

तिनं मुठीतून चिमूट काढली आणि जाळावर टाकली. निळी शेगडी भपकन पिवळीधमक झाली.

"हसली!" रसवंतीवाला ओरडला. "आई हसली! हितली आई करा म्हनतीया!"

"आन् तितली नगं म्हनती? दोन आया भांडाय लागल्या काय रं?"

"पोरी, काय टाकलंस तू?" गर्दीतून वाट काढत तानाबाई बांधावर आली होती. घाम, कपाळभर कुंकू, डोळ्यांत राग आणि भीती दोन्ही.

संघप्रियानं मूठ उघडून दाखवली. "मीठ हाय मावशी. तुमच्याच डब्यातलं. अक्षतानं आणलंय."

"मीठ?"

"शेगडीवर भात उतू गेल्यावर जाळ कसा होतोय, आज्जी?" अक्षतानं विचारलं.

तानाबाईनं एकदा मिठाकडे बघितलं, एकदा शेगडीकडे. तिनं चाळीस वर्षं स्वयंपाक केला होता. भात उतू गेला, खारट पाणी शेगडीवर सांडलं की जाळ पिवळा होतो, हे तिच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत? तिच्यासारख्याच गोबर गॅसवर रोज भाकरी भाजणाऱ्या पन्नास बायका त्या मांडवात होत्या. सकाळी ज्या निळ्या जाळावर दूध तापवलं, त्याच जाळाला दुपारी येऊन त्यांनी नारळ फोडला होता. स्वयंपाकघरातलं ज्ञान उंबऱ्याच्या आत ठेवून यायचं आणि देवळात कोऱ्या मनानं बसायचं, हीच ती चूक. आपण रोज जे हातानं करतो, ते 'ज्ञान' असतं यावर आपला विश्वासच नसतो.

तानाबाई बांध ओलांडून आली. शेगडीपाशी बसली. वास घेतला. मग डब्याच्या लिंपलेल्या कडेशी नाक नेलं. पुन्हा वास घेतला. उठली, आणि मांडवाकडे चालू लागली.

"तानाबाई, आईच्या जवळ जाऊ नगंस! सोवळं मोडंल!" महाराज आडवे आले.

"रान माजं हाय. सर बाजूला."

"आई कोपंल!"

"कोपू दे. मी बी कोपलीया."

तिनं आधी ताटं बघितली. उजव्या ताटातली विभूती जिभेला लावली आणि थुंकली. "खारट." डाव्या ताटातली लावली. "अळणी." मग गर्दीकडे वळून, उभ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लगीन जमवाय मिठाची रास, आन् अर्जाला अळणी! व्हय रं मुडद्या?"

ओलं पोतं टाकून तिनं तिन्ही ज्योती विझवल्या, पदर कमरेला खोचला, त्रिशूळ दोन्ही हातांनी धरला आणि हिसडा दिला. पहार मारून विहीर फोडलेले हात होते ते. दुसऱ्या हिसड्याला त्रिशूळ निघाला. मातीतल्या टोकाला भोकं पाडलेली होती. आत पोकळ. वर शेंदूर, खाली पाण्याच्या नळाचा पाइप.

"नळ हाय की ह्यो!" ती ओरडली. "आमच्या गॅसला असतोय तसला नळ! आन् मी ह्याच्या पाया पडत हुते!"

पुढचं दोन मिनिटांत झालं. महाराज पळाले. धोतर सावरत, दाढी सावरत, गावाच्या वाटेनं नव्हे तर थेट डेपोच्या फाटकाकडे. संग्राम त्यांच्या पुढं. हे फाटक गावासाठी कधी उघडलं नव्हतं. कुत्र्यांची तक्रार घेऊन गेलो तेव्हा नाही, विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं तेव्हाही नाही. संग्रामला बघताच ते सताड उघडलं. वॉचमननं सलाम ठोकला. आत जीप उभी होती. दर आठवड्याला कचऱ्याच्या ट्रकांपुढं धावणारी, गावातलं शेंबडं पोरही ओळखतं ती डेपो चालवणाऱ्या कंत्राटदाराची जीप. दोघं तिच्यात बसले आणि धुरळा उडवत गेले.

मग कृष्णात हळूच म्हणाला, "म्हंजी ह्यो कंत्राटदाराचाच मानूस?"

तेव्हा मी चार शब्द बोललो. डेपोतला कचरा वर मातीनं झाकलेला, म्हणून आतला वायू वर जाऊ शकत नाही. तो मुरमातून आडवा सरकतो आणि जिथं भेग मिळेल तिथून वर येतो. तानाबाईच्या रानातला जाळ म्हणजे डेपो कुंपण ओलांडून जमिनीखालून आधीच इथं पोचल्याचा पुरावा होता. याहून मोठी हरकत कुठली? संग्रामला ते कळलं होतं, कारण त्याचं पोटच त्या कचऱ्यावर भरतं. पुरावा पुरून टाकता येत नव्हता, तो पेटत होता. मग त्यानं काय केलं? पुराव्याला शेंदूर फासला. शेंदूर फासलेल्या वस्तूला आपल्याकडे कुणी प्रश्न विचारत नाही.

चहा व्हायला वेळ लागला, पण झाला. पहिला कप तानाबाईनं घेतला. एक घोट घेऊन म्हणाली, "साखर कमी हाय." मग संघप्रियाकडे बघून, "उद्या तू बी येतीस नव्हं कोल्लापूरला? माजं अक्षर काय नीट न्हाय, बाई."

"येते की मावशी."

सोमवारी एस.टी.नं बत्तीस माणसं कोल्हापूरला नगररचना कार्यालयात गेली. तानाबाईच्या पिशवीत हरकतीचा अर्ज, विहिरीच्या पाण्याची बाटली आणि भेगाळलेल्या मातीचं ढेकूळ होतं. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "आजी, थोडक्यात सांगा, हरकत काय आहे?"

"थोडक्यात सांगते," तानाबाई म्हणाली. "येताना काडीपेटी घेऊन या."

साहेब आले. भला माणूस होता. काडी लावली आणि दचकून मागं सरकला. मग जमीन खणून बघितली, मुरुमापर्यंत. पाणी तपासायला नेलं. सुनावणीत आमच्या पोरांचे दोन डबे टेबलावर ठेवले होते, कुंकवाच्या पाण्यासकट. काळ्या भेगाळणाऱ्या जमिनीत, खाली मुरूम आणि शेजारी विहिरी असताना डेपो वाढवणं योग्य नाही, असं शेवटी लिहून आलं. ती पट्टी शेती विभागातच राहिली. जुन्या डेपोतला वायू बाहेर काढायला नळ बसवायचे ठरले, त्यातले निम्मे बसले आहेत. विहिरीचं पाणी अजून नितळलेलं नाही. माती बिघडवायला दोन वर्षं पुरतात, सुधारायला किती लागतील हे मला सांगता येणार नाही.

ज्वालानाथ महाराज हल्ली मलकापूरच्या बाजूला असतात असं ऐकतो. तिथं म्हणे नारळातून फुलं काढतात. तिथल्या पोरांनी माझ्याकडे यावं, आपण नारळ आतून बघू.

तुम्ही देव मानता की नाही, हा तुमचा प्रश्न. तानाबाई आजही शुक्रवारी देवळात जाते, आणि मी तिला कधी अडवलं नाही. पण जो माणूस देवाच्या नावानं सांगतो की विचारू नका, अर्ज करू नका, हुंगू नका, चाखू नका, त्याला देव नको असतो. त्याला तुमची जमीन हवी असते, मत हवं असतं, गप्प बसणं हवं असतं. म्हणून मुलांनो, चमत्कार दिसला तर हात जरूर जोडा. पण त्याआधी त्याच हातांनी माती उकरून बघा.

त्रिशूळ अजून तानाबाईकडेच आहे. तिनं तो गोठ्यात उलटा ठोकला आहे. त्याला म्हैस बांधते. चांगला मजबूत आहे, म्हणते, महाराजांनी पाइप मात्र हलका वापरला न्हाय.